नाकावरचं वजन

छोट्या जुन्या स्पोर्ट्‌स कारमध्ये मोठं इंजिन बसवलंय असं कळलं की लोक पहिला प्रश्न ठरलेला विचारतात: किती हॉर्सपॉवर? इथे इंग्लंडात विचारतात, पुण्याला गेलो की तिथेही विचारतात. माझ्या वडिलांनी मात्र तो विचारला नाही. त्यांची सगळी नोकरी एस.टी.च्या दापोडी कार्यशाळेत गेली. माझ्या एमजीबीचं इंजिन उतरवून तिथे आठ सिलिंडरचं व्ही-आठ बसवणार आहे, असं मी त्यांना फोनवर सांगितलं.

"जुनं खराब झालंय का?"

"नाही बाबा, व्यवस्थित चालतंय."

"मग?"

या 'मग'वर मी बरंच काही बोललो. ते त्यांनी ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "ते असू दे. नवं जड आहे का हलकं, तेवढं सांग."

दापोडीत इंजिन ही फिरती वस्तू होती. एका बसमधून उतरलेलं इंजिन दुरुस्त होऊन दुसऱ्याच बसमध्ये जायचं. कुठलं इंजिन मुळात कुठल्या बसचं, याला नोंदवहीपलीकडे अर्थ नव्हता. इंजिन म्हणजे गाडीचं हृदय, आत्मा वगैरे बोलणं मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही. पण तिथे बदलून बसणारं इंजिन त्याच जातीचं आणि त्याच वजनाचं असे. जात बदलली की पुढच्या चाकांवर किती भार येणार हे आधी पाहायचं, पॉवरचं नंतर. एमजीच्या इतिहासात हा प्रश्न एकदा मागे पडला आणि त्याची किंमत एका अख्ख्या मॉडेलने मोजली.

एमजीबी १९६२ साली आली आणि १९८० पर्यंत ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनमध्ये बनत राहिली. रोडस्टर आणि टपाची जीटी मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या. दोन माणसं, थोडं सामान, आणि समोर १७९८ सी.सी.चं चार सिलिंडरचं लोखंडी इंजिन. सुरुवातीच्या गाड्यांत ते सुमारे ९५ हॉर्सपॉवर देत असे. हे इंजिन आपल्याला परकं नाही. एमजीची मालक असलेल्या बीएमसी कंपनीच्या ज्या 'बी' मालिकेतलं ते आहे, तिच्यातलंच १४८९ सी.सी.चं धाकटं भावंड आपल्या अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये वर्षानुवर्षं चाललं. गाडी घेतल्यावर पहिल्यांदा चावी फिरवली तेव्हा टॅपेटची ती टकटक ऐकून मला सरकारी गाड्यांचा ताफाच आठवला. स्पोर्ट्‌स कारच्या मालकाला ही आठवण फारशी सुखाची नसते.

१९६७ साली कारखान्याने स्वतःच या गाडीत मोठं इंजिन घातलं. २९१२ सी.सी., एका रांगेत सहा सिलिंडर, सगळं लोखंड. ते इतकं लांब आणि उंच होतं की पुढचं सस्पेन्शन नव्याने आखून टॉर्शन बार घालावे लागले आणि बॉनेटला फुगवटा द्यावा लागला. जुन्या इंजिनापेक्षा त्याचं वजन नव्वद किलोंहून जास्त, आणि ते सगळं पुढच्या चाकांवर. स्टिअरिंग वळवलं तरी गाडीचं नाक सरळच जाऊ पाहायचं. वार्ताहरांनी तिला झोडपलं. ही एमजीसी. १९६९ मध्ये ती बंद झाली तोवर जेमतेम नऊ हजार गाड्या बनल्या होत्या. राजपुत्र चार्ल्स यांनीही एक घेतली होती, पण राजघराण्याच्या पसंतीने वळणं सोपी होत नाहीत.

गंमत अशी, की योग्य इंजिन तोवर इंग्लंडात येऊन पोचलं होतं. फक्त ते होतं रोव्हरकडे. त्याचा जन्म अमेरिकेतला. ब्यूक कंपनीने १९६१ च्या मॉडेलसाठी ३५२८ सी.सी.चं व्ही-आठ काढलं आणि त्याचा ब्लॉक, हेड सगळं ॲल्युमिनियमचं ओतलं. इंजिन हलकं झालं, पण ओतकामात भोकं राहायची, गळती व्हायची, चुकीचं कूलंट घातलं तर आतून गंज धरायचा. एवढ्यात पातळ भिंतींचं लोखंडी ओतकाम जमायला लागलं आणि ते स्वस्त पडू लागलं. ब्यूकची मालक असलेल्या जनरल मोटर्सने १९६३ मध्ये ॲल्युमिनियमच्या या इंजिनावर फुली मारली. रोव्हरचे प्रमुख विल्यम मार्टिन-हर्स्ट अमेरिकेत बोटींची इंजिनं बनवणाऱ्या मर्क्युरी मरीनमध्ये गेले असताना त्यांना ते तिथे पडलेलं दिसलं, असं सांगतात. १९६५ मध्ये सौदा झाला. ब्यूकचे निवृत्तीला आलेले इंजिनिअर जो टर्ले मदतीला इंग्लंडात आले. १९६७ मध्ये हे इंजिन रोव्हरच्या मोठ्या गाडीत बसलं, १९७० मध्ये रेंज रोव्हरमध्ये, आणि २००० साल उलटून गेल्यावरही लँड रोव्हरच्या गाड्यांत बसतच होतं. जनरल मोटर्सच्याच ओल्ड्समोबिलने याच ब्लॉकची वेगळी आवृत्ती काढली होती. तिच्यावर उभारलेल्या रेप्को इंजिनाच्या जोरावर जॅक ब्रॅबम १९६६ मध्ये स्वतःच्या नावाच्या गाडीत फॉर्म्युला वनचे विश्वविजेते झाले. इतक्या ठिकाणी कामाला आलेलं दुसरं टाकाऊ इंजिन मला माहीत नाही.

आणि आता वजन. सिलिंडर दुप्पट, सी.सी. जवळपास दुप्पट, तरी रोव्हरचं हे व्ही-आठ एमजीबीच्या लोखंडी इंजिनापेक्षा सुमारे अठरा किलोंनी हलकं भरतं. ही एक गोष्ट ज्याला कळली त्याला पुढचं सगळं कळलं.

केन कॉस्टेलो या शर्यतपटूला ती सर्वांआधी कळली. १९७० च्या आसपास ते स्वतःच्या गॅरेजात एमजीबीला रोव्हरचं व्ही-आठ बसवून विकू लागले. कारखान्याने त्यांची गाडी मागवून तपासली आणि १९७३ मध्ये स्वतःची एमजीबी जीटी व्ही-आठ बाजारात आणली: १३७ हॉर्सपॉवर आणि ताशी २०० किलोमीटरच्या घरातला वेग. कॉस्टेलोंच्या गाडीला बॉनेटवर फुगवटा होता. कारखान्याने कार्ब्युरेटर मागे सरकवून तो टाळला. गाडी उत्तम होती, मुहूर्त वाईट. त्याच वर्षी तेलाचं संकट आलं. १९७६ मध्ये थांबेपर्यंत २,५९१ गाड्या झाल्या, आणि सगळ्या टपाच्या. उघड्या रोडस्टरमध्ये व्ही-आठ कारखान्याने त्या काळात कधी दिलंच नाही. ते देईपर्यंत नव्वदचं दशक उजाडलं, गाडीचं नाव आरव्ही-आठ झालं, आणि त्यातल्याही बहुतेक गाड्या जपानला गेल्या. माझ्यासारखे लोक ज्या जागेत शिरतात ती ही.

छोट्या गाडीत मोठं इंजिन म्हटलं की कोब्राचं नाव निघाल्याशिवाय राहत नाही. टेक्सासच्या कॅरल शेल्बी यांनी इंग्लंडच्या एसी कंपनीची नाजूक 'एस' गाडी १९६२ मध्ये कॅलिफोर्नियात आणवली आणि डीन मून यांच्या गॅरेजात तिच्यात फोर्डचं व्ही-आठ बसवलं. आठ तासांच्या आत काम झालं, असं मोठ्या कौतुकाने सांगितलं जातं. मला ही गोष्ट आवडत नाही. खोटी आहे म्हणून नव्हे; ती ऐकून लोकांना वाटतं की काम तेवढंच असतं. पुढे सात लिटरचं इंजिन घालायची वेळ आली तेव्हा १९६५ मध्ये आडव्या कमानपाट्यांची जुनी चासी सोडून कॉइल स्प्रिंगची नवीच चासी आखावी लागली. आठ तासांच्या गोष्टीत ते येत नाही. सनबीम टायगरची हकिगत मला जास्त प्रामाणिक वाटते. १९६४ च्या त्या गाडीत फोर्डचं व्ही-आठ इतकं दाटीवाटीने बसवलं होतं की एका स्पार्क प्लगपर्यंत पोचायला गाडीच्या आतून, पायांपाशी पडदीला ठेवलेल्या भोकातून पाना घालावा लागे. वेस्ट ब्रॉमविचच्या जेन्सन कारखान्यात या गाड्या जुळवताना पडदीचा पत्रा घणाने आत ठोकून जागा करत. रंगवून आलेल्या नव्या गाडीवर घण! पण निदान कुणी काही लपवलं नाही.

माझी गाडी सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातली, काळ्या रबरी बंपरची. अमेरिकेच्या नियमांसाठी १९७४ च्या शेवटी हे बंपर आले आणि त्यासोबत गाडीची उंचीही वाढवली गेली. शौकीन मंडळी या गाड्यांकडे नाक मुरडतात, म्हणून त्या स्वस्त मिळतात. पण याच गाड्यांच्या बॉनेटखालचा पत्रा व्ही-आठच्या मापाचा आहे आणि रेडिएटर पुढे सरकवलेला आहे. जीटी व्ही-आठसाठी केलेले साचे कारखान्याने सरसकट सगळ्यांनाच लावले. इंजिन दिलं नाही, जागा दिली.

इंजिन भंगारात निघालेल्या रेंज रोव्हरचं, ३.९ लिटरचं. चासी गंजून गेलेली, इंजिन शाबूत. फक्त कॅमशाफ्टचे उंचवटे झिजलेले, हा या इंजिनांचा नेहमीचा रोग. सगळ्या हिशेबात इंजिन हीच सर्वांत स्वस्त बाब निघाली. आमच्या गल्लीत एक निवृत्त फिटर राहतात, उमेदीची वर्षं मोटारीच्या कारखान्यात गेलेली. क्रेनला लोंबकळणारं जुनं इंजिन पाहून ते म्हणाले, हे झालं अर्ध्या दिवसाचं काम, आता उरलेलं वर्ष. ते हसत नव्हते.

रेंज रोव्हरच्या इंजिनावरची इंजेक्शनची पेटी एमजीबीच्या बॉनेटखाली मावत नाही. एकतर बॉनेटला फुगवटा द्या, नाहीतर बसका मॅनिफोल्ड घालून वर कार्ब्युरेटर ठेवा. मला बॉनेट सपाट हवं होतं. एअर क्लीनर आणि बॉनेट यांत किती फट उरते हे मोजायला फिटर मंडळी मातीचे गोळे वापरतात. माझ्याकडे कणीक होती. आमच्याकडे पोळ्या मीच करतो, त्यामुळे परवानगीचा प्रश्न नव्हता. क्लीनरवर गोळे ठेवून बॉनेट लावलं, उघडलं, आणि चपटलेल्या कणकेची जाडी मोजली. कुठे बोटभर उरलं होतं, एका कोपऱ्यात पापडाएवढं. तो कोपरा सोडवायला मॅनिफोल्ड उतरवून त्याचा माथा कमी करून आणावा लागला.

स्टिअरिंगच्या दांड्याचं प्रकरण त्याहून अवघड. व्ही आकाराच्या इंजिनाला दोन कुशी, म्हणून एक्झॉस्टही दोन्हीकडून निघतो, आणि इथल्या उजव्या हाताच्या गाडीत स्टिअरिंगचा दांडा नेमका त्यातल्या एकाच्या अंगावरून जातो. इंजिन थंड आणि बंद असताना जागा पुरेशी दिसते. पण ॲक्सिलरेटर दाबला की इंजिन आपल्या रबरी बैठकीवर एका बाजूला कलतं, आणि तापलेला पाइप वाढतो तो वेगळाच. फिटर काकांनी, मी त्यांना मनातल्या मनात काकाच म्हणतो, बोटं घालून पाहिली आणि बैठक पुन्हा करायला लावली. आरव्ही-आठच्या पद्धतीने आतल्या पत्र्याला भोकं पाडून पाइप चाकाकडून काढला असता तर हा त्रास वाचला असता. मी पत्रा कापला नाही. त्याचं कारण पुढे येतं.

मग टॉर्क. इंजिनाचा पीळ दुपटीहून जास्त झाला की तो ज्यातून जातो त्या प्रत्येक वस्तूला जाब द्यावा लागतो. क्लच घसरतो. जुना गियरबॉक्स थोडे दिवस सोसतो. म्हणून रोव्हरचा पाच गियरचा बॉक्स घेतला, आणि तो लांबीला वेगळा पडल्याने जॉइंट शाफ्ट कापून, वेल्ड करून, बॅलन्स करून आणला. मागचा एक्सेल बळकट आहे, पण त्याचं गुणोत्तर ३.९ ला १. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाकडचा शाफ्ट जवळपास चार फेरे घेतो. चार सिलिंडरच्या बिचाऱ्या इंजिनाला ते ठीक होतं. व्ही-आठला त्या गुणोत्तरात पहिला गियर टाकायचा अवकाश की तो संपतो. कारखान्याने जीटी व्ही-आठला ३.०७ चे क्राउन-पिनियन दिले होते, तेच मी मिळवले. आता पाचव्या गियरमध्ये ताशी शंभर किलोमीटरला इंजिन मिनिटाला २१०० च्या आसपास फेरे घेतं. मूळ गाडी चौथ्यात, ओव्हरड्राइव्ह न लावता, तेवढ्याच वेगाला ३४०० घेत ओरडत असे.

एक्सेल धरून ठेवणारे कमानपाटेच आहेत. जोरात सोडलं की पाट्यांना पीळ बसून ते इंग्रजी एस अक्षरासारखे वळतात, मग झटक्यात सरळ होतात, पुन्हा वळतात, आणि मागची चाकं रस्त्यावर थडथड आपटतात. त्यासाठी एक्सेलपासून पुढे आडकाठ्या जोडाव्या लागतात. हे सगळं गाडीखाली, कुणाला न दिसणाऱ्या जागी. बॉनेट उघडून दाखवण्याच्या कार्यक्रमात याचा नंबर येत नाही.

ब्रेक मी इंजिनाच्याही आधी बदलले होते. इथे मात्र मी हट्टी आहे. वेग दुप्पट झाला की थांबवताना जिरवायची ऊर्जा चौपट होते. पॉवर कितीही वाढवा, हे गणित वाटाघाटीला बसत नाही. पुढे जाड डिस्क आणि मोठे कॅलिपर घातले, आणि जुन्याच इंजिनावर काही आठवडे गाडी चालवली. ती इतकी छान थांबायची की क्षणभर वाटलं, इथेच थांबावं.

सगळं जुळल्यावर चारही चाकांखाली काटे ठेवून गाडी तोलली. पुढच्या चाकांवरचा भार आधीपेक्षा थोडा कमीच भरला. आकडे बाबांना कळवले.

"मग ठीक," ते म्हणाले. एवढंच.

आवाजाबद्दल लिहायलाच हवं, कारण अर्धे लोक त्याच्यासाठीच हे करतात आणि कबूल करत नाहीत. चार सिलिंडरच्या इंजिनात दर १८० अंशांना एक स्फोट, एकसारखा. या व्ही-आठमध्ये दर ९० अंशांना एक, आणि क्रम १-८-४-३-६-५-७-२. एका कुशीला विषम सिलिंडर, दुसरीला सम. आता फक्त विषम कुशीचा हिशेब करून पाहा: १, मग ३, मग ५, मग ७. त्यांच्यातली अंतरं २७०, १८०, ९० आणि पुन्हा १८० अंश. म्हणजे सगळं इंजिन तालात असतं, पण एकेका पाइपातून निघणारे ठोके असमान असतात. लांब, मध्यम, आखूड, मध्यम, ढोलावरच्या टिपऱ्यांसारखे. व्ही-आठची ती प्रसिद्ध गुरगुर म्हणजे ही असमानता. सायलेन्सर कितीही चांगला घ्या, ती पूर्ण जात नाही. जाऊही नये.

चालवताना पहिला बदल जाणवतो तो वेगाचा नाही, आळसाचा. गियर कमी टाकावे लागतात. चढावर इंजिन तक्रार करत नाही. वळणात नाक पूर्वीसारखंच आत येतं, आणि इतक्या कामानंतर ते 'पूर्वीसारखं' असणं हीच कमाई. ताशी दोनशेच्या गप्पा मला मारता येणार नाहीत. उघड्या गाडीत शंभराच्या वर वारा कानात इतका घोंगावतो की जे ऐकण्यासाठी एवढा खटाटोप केला तेच ऐकू येत नाही.

राहिला कागद. मी हे काम केलं तेव्हाच्या ब्रिटिश नियमांत बदललेल्या गाडीची ओळख गुणांवर ठरत असे. मूळ सांगाड्याला ५ गुण. सस्पेन्शन, एक्सेल, गियरबॉक्स आणि स्टिअरिंग यांना प्रत्येकी २. आणि इंजिनाला १. जुना नंबर राखायचा तर किमान ८ हवेत, आणि सांगाड्याचे ५ त्यात असलेच पाहिजेत. म्हणून मी पत्र्याला हात लावला नाही. ज्या इंजिनावरून लोक गाडीला मान देतात किंवा नाकारतात, त्याला सरकारदरबारी सगळ्यात कमी गुण! बाबांना हे फार पटलं. भारतात मात्र इंजिन नंबर आणि चासी नंबर दोन्ही आर.सी.वर मानाने बसलेले असतात, आणि कारखान्याने दिलेल्या मूळ रूपाशी विसंगत बदल गाडीत करता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ वर बोट ठेवून सांगितलं आहे. त्यामुळे पुण्यातले मित्र विचारतात की इथे आमच्या जुन्या गाडीत असं करता येईल का, तेव्हा मी आधी वकिलाचा नंबर देतो.

मूळ एमजीबीचं इंजिन वाईट आहे का? नाही. ज्याला रविवारी गावोगाव हिंडायचं आहे त्याला ते पुरून उरतं, सुटे भाग स्वस्त आहेत, आणि एक पाना-संच घेऊन बसलं तर घरी दुरुस्त होतं. माझं उतरवलेलं इंजिन मी एका तरुण मुलाला दिलं. त्याच्या एमजीबीचं मूळ इंजिन तडकलं होतं, आता त्यात हे चालतंय. व्ही-आठची गाडी मी परत बनवीन का, तर होय; पण सहा सिलिंडरचं जड लोखंड कुणी फुकट दिलं तरी घेणार नाही.

आणि ज्यांच्याकडे मूळ इंजिनाची, हात न लावलेली, क्रोम बंपरची गाडी आहे त्यांना एक विनंती: तिला तशीच राहू द्या. व्ही-आठ बसवायचंच असेल तर इंजिन गेलेली एखादी रबरी बंपरची गाडी शोधा. तशा अजून पुष्कळ मिळतात, आणि त्यांच्यासाठी रडणारं कुणी नसतं. घेतलीत की आधी ब्रेक बदला.